हायत तेवढी हायत

१

आमच्या घरात माणसं मोजत नाहीत. भाकऱ्या मोजतात, नारळ मोजतात, गोडाऊनवाल्यांकडून आलेल्या नोटा तर थुंकी लावून दोनदा मोजतात. माणसं नाहीत. पूर्वी खाडीत आमची रेतीची होडी होती. काठावरून सुटताना आजोबा विचारायचे, "हाय का सगली?" आणि होडीतला एकेक जण बोलायचा, "हाय." थोरला आधी, धाकटा शेवटी. धाकट्याचं 'हाय' आलं की बांबू टेकवून होडी ढकलायची. किती 'हाय' झाले ते कोणी धरत नव्हतं. लहानपणी मी एकदा होडीत बोट नाचवून एक, दोन, तीन सुरू केलं, तर आक्कानं, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीनं, तेच बोट धरून पिरगाळलं. का, म्हणून विचारलं. "न्हाय मोजीत." विषय संपला. आमच्या मोठ्या माणसांकडं कारण नसतं, हात असतो.

होडी विकली, रेती बंद झाली, आमच्या वळ गावची शेतं गोडाऊनांखाली गेली. बाबांना गाव आता केसरीशेठ म्हणतं. 'हाय' तेवढं सुटलं नाही. लग्नाला जायला टेम्पोत बसलो तरी आधी हजेरी, मग चाक.

चौऱ्याण्णव साली बाबांनी कुठल्याशा व्यापाऱ्याच्या भिंतीवर एक कॅलेंडर बघितलं. परदेशातला डोंगर, खाली तळं, आणि काठाला एक गाडी. गाडीतच पलंग, गाडीतच चूल, दारात खुर्ची टाकून बसलेला एक गोरा म्हातारा. झालं. बाबांना तो म्हातारा व्हायचं होतं. एक जुनी मिनिबस घेतली आणि भिवंडीच्या नारपोलीत रामनाथकडं नेऊन लावली. रामनाथ टेम्पोच्या बॉड्या बांधायचा. सगळं आयुष्य ताग्यांचे गठ्ठे कसे मावतील याचा विचार केलेला माणूस. त्यानं टेप काढली, आत जाऊन आला आणि विचारलं, "सेठ, सोएँगे कितने आदमी?"

"घरातली सगली," बाबा बोलले.

"मतलब कितने?"

"हायत तेवढी हायत."

रामनाथनं माझ्याकडं बघितलं. पाच, एवढंच सांगायचं होतं. पण त्या आठवड्यात बाबांच्या कुठल्याच कामात तोंड घालायचं नाही असं मी ठरवलं होतं. मी बाहेर बघत राहिलो. शेजारच्या कारखान्यातले कापडाचे लूम खडखडत होते. रामनाथनं खांदे उडवले आणि जागा मावेल तेवढे बर्थ ठोकले. खाली तीन, वर तीन.

गाडी घरी आल्यावर आक्कानं सहाही बर्थवर गोधड्या घातल्या.

"सहावी कोणाला?" मी विचारलं.

"रिकामी फली बरी न्हाय दिसत," ती बोलली, आणि उशीवर दोन थापट्या मारून उशी नीट केली.

बाबा, आई, आक्का, गाडी चालवणारा हिरामण काका आणि मी. पाच. मी मोजतो. त्या घरात मोजणारा मी एकटाच आहे.

२

कॉलेज मी सोडलं होतं. दुसऱ्या वर्षाला वर्गात बसून मला एवढंच कळलं की शिकवणाऱ्याला विषय येत नाही, आणि ते त्याला माहीत आहे. बाबांच्या मते मी वाया गेलो. वाया जायला आधी कोणीतरी काही घातलेलं असावं लागतं. वर्षभर आमचं बोलणं म्हणजे दोन वाक्यं, आणि तिसऱ्याला ताट आपटणं.

दिवाळी झाली आणि आम्ही निघालो. भंडारदऱ्याच्या वर, अभयारण्यात. निघायच्या सकाळी बाबांनी सगळ्यांसमोर मला गाडीच्या पायरीवर अडवलं. डोक्यावर कॅलेंडरातल्यासारखी टोपी, खाली लुंगी.

"राघो, या सहलीत मी बघनार हाय. घरातल्या पोरासारखा राहिलास तर घर तुजा. उलटा बोललास तर परत आल्यावर तुजी गादी वटीवरपन न्हाय दिसनार. मी मस्करी करीत न्हाय."

"गादी तुमच्याच पैशाची आहे," मी बोललो. "ठेवा."

"आरं, गाडी तर सुटू दे," हिरामण काका स्टिअरिंगवरून बोलला. "भांडान कसारा घाटात करा. तिथं तसापन इंजिन थंड करायला थांबायचाच हाय."

आई हसली. बाबा नाही हसले. मी मागे जाऊन माझ्या बर्थवर बसलो. शेवटचा, खालचा. माझ्या वर सहावा.

मला घराबाहेर काढतील असं मला अजिबात वाटत नव्हतं. माझ्याशिवाय त्यांना एकमेकांशी बोलायला होतं काय? माझ्याबद्दलच बोलायचे.

बाबा पुढच्या सीटवर बसले, मान न वळवता बोलले, "हाय का सगली?"

"हाय," आक्का.

"हाय," हिरामण काका.

"हाय," आई.

"हाय," मी. ओकल्यासारखं बोलायचो मी ते, मुद्दाम.

आणि मग माझ्या डोक्यावरून, हळू, "हाय."

नुकतं बोलायला लागलेल्यासारखं. 'हा' लांब, 'य' अर्धाच. गाडी सुरू झाली. मी वर बघितलं. प्लायवूडचा तळ, त्यावर रामनाथच्या पेन्सिलीची रेघ. नवीन पत्र्याचं छत, छतावर अर्धी भरलेली पाण्याची टाकी. आवाज वर जाणार, पाण्यावर आपटणार, खाली येणार. एवढं विज्ञान मला बारावीपर्यंत शिकवलेलं होतं. माणकोली नाक्यावर आग्रा रोडला लागेपर्यंत मी ते विसरूनही गेलो.

३

अभयारण्याच्या नाक्यावर आडवा बांबू होता. गार्ड पायरीवर चढला, आत डोकावला आणि बोट नाचवत मोजायला लागला. आक्कानं डोक्यावरून पदर ओढला आणि तोंड खिडकीकडं केलं.

"सहा माणसं, एक गाडी," गार्ड बोलला.

"पाच," मी मागून बोललो.

"सहा हायेत की. दोन पुढं, दोन बाया, तू, आन तो वर झोपलाय तो."

"वर कोणी नाही."

"राघो," बाबा बोलले. "तो बोलतो ना सहा, तर सहा."

"अहो, पण आपण पाच आहोत."

"मोजू नको." पाकीट उघडून त्यांनी सहा जणांचे पैसे दिलेसुद्धा. रिक्षावाल्याशी आठ आण्यांवरून गळा फाडणारा माणूस. भांडायचं तर मोजावं लागलं असतं. ते त्यांना परवडणारं नव्हतं.

गार्ड उतरता उतरता मला बोलला, "त्याला खाली घ्या पण. पुढं रस्ता खराब हाय. डोकं आपटंल."

मी उठलो. बर्थवर हात टेकवून वर बघितलं. गोधडी होती, उशी होती. गोधडी पायाकडं गोळा झालेली आणि उशीला मध्ये खळगा. घाटातल्या हादऱ्यांनी गोधडी सरकते. उशीला खळगा हादऱ्यांनी पडतो की नाही, यावर मी थोडा वेळ विचार केला. आक्कानं सकाळी थापट्या मारल्या होत्या. तेवढ्यानं पडला असेल. गार्डनं अंधाऱ्या गाडीत गोधडीचा ढीग बघितला आणि माणूस धरला. दिवसभर नाक्यावर बसून माणसाचं डोकं असंच चालणार.

पुढं थांबलो तिथं बाबांनी लघवीला सगळ्यांना उतरवलं आणि निघताना परत विचारलं. आक्का, काका, आई. मी बोललो, "हाय."

या वेळी वरचं 'हाय' माझ्यासोबतच आलं. एकावर एक. दोन लूम एका तालात लागले की कधी कधी एकच वाटतात, तसं.

४

मजा येत होती, खोटं कशाला बोलू. पाण्याच्या काठाला सपाट जागा बघून काकानं गाडी लावली. समोर धरणाचं पाणी, पलीकडं रतनगड, गवत सोनेरी झालेलं. आईनं गाडीतल्या स्टोव्हवर सुक्या बोंबलाची चटणी केली, आणि त्या वासानं आख्खं अभयारण्य भिवंडी झालं. बाबा दारात खुर्ची टाकून पोटावर हात ठेवून बसले. कॅलेंडर पूर्ण झालं.

"संडास गाडीत कशाला बांधला म्हनते मी," आक्का बोलली. "एवढा रान पडलाय."

"तू रानात जा," काका बोलला. "वाघ तरी पलून जातील."

"वाघ हायत का इथं?"

"नावं बघून येतात. तू सांगू नको तुजा."

मी पण हसलो. जेवण झालं. बाबांनी कॉलेजचा विषय काढला नाही, मी गोडाऊनचा काढला नाही. उन्हं कलायच्या आधी मी आत जाऊन माझ्या बर्थवर पडलो. पडदे ओढलेले होते, भिवंडीच्याच लूमवरच्या कोऱ्या कापडाचे, त्यामुळे आत ताकासारखा उजेड. बाहेरून चौघांचं बोलणं येत होतं. आक्का काकाला काहीतरी सुनावत होती. आई भांडी घासत होती, राखेचा खरखर आवाज. बाबा घोरत होते.

चौघं बाहेर. मी आत.

माझ्या वरचा प्लायवूड करकरला.

लाकूड तापतं, फुगतं, वाजतं. मी डोळे मिटले. परत करकर, या वेळी डोक्याकडून पायाकडं, सरकत. कूस बदलताना वाजतं तसं. मी डोळे उघडले. प्लायवूड मध्यभागी खाली आलेला होता. पेन्सिलीची रेघ सरळ होती, ती आता वाकली होती.

मी पाय उचलला आणि तळव्यानं प्लायवूड वर ढकलला.

रिकामी फळी कशी उचलली जाते ते मला माहीत आहे. ही उचलली गेली नाही. मऊ लागली. वर वजन होतं, आणि मी ढकलल्यावर ते वजन थोडं सरकलं. जागा करून दिल्यासारखं.

मी एका उडीत बाहेर आलो आणि वर बघितलं. गोधडी. उशी. गोधडीवर हात ठेवला. गरम. छताचा पत्रा दुपारभर तापलेला, गरम असणारच. आमचा रामनाथ प्लायवूड ओला वापरतो, ओला प्लायवूड जड असतो. एकामागून एक कारणं सापडत होती आणि सगळी बरोबर होती. मी गोधडी ओढली, घडी घातली, उशीवर ठेवली आणि बाहेर जाऊन उन्हात बसलो.

चहाच्या वेळी आई आत गेली. ती लवकर परत येईना म्हणून मी दारातून बघितलं. तिनं टाचा उचलून घडी परत उलगडली होती आणि गोधडीची कड आत खोचत होती. पायाकडची कड. माझी खोचायची तशी.

"कोणाला पांघरूण घालतेस?"

"थंडी हाय," ती बोलली.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं. विज्ञान आहे तर प्रयोग करायचा. मी बोललोच नाही, तर आवाज कशाचा घुमणार?

वर घाटघरला जायचं होतं. गाडी सुरू झाली.

"हाय का सगली?"

आक्का. काका. आई. मी ओठ घट्ट मिटले. दातांवर दात.

"हाय."

माझा आवाज. लांबट 'हा' नव्हता, अर्धा 'य' नव्हता. माझाच, फक्त ओकल्यासारखा नाही. साधा. घरातल्या पोरानं द्यावा तसा. आणि पाठोपाठ, त्याच आवाजात, तेवढ्याच साधेपणानं, "हाय बाबा."

बाबांनी मान वळवली. वर्षभरात त्यांनी माझ्याकडं असं बघितलेलं मला आठवत नाही. "असा बोलत जा," ते बोलले. "काय जातं तुजा?"

"मी बोललो नाही," मी म्हणालो.

"झाला परत सुरू." त्यांनी मान फिरवली.

आई माझ्याकडं बघत होती. माझ्याकडं म्हणजे माझ्या थोडं वर.

उतरल्यावर मी तिला चुलीपाशी गाठलं. "आई, तो आवाज माझा नव्हता. तुला कळलंय. तुला माझा आवाज कळत नाही होय?"

तिनं स्टोव्हला पंप मारला. "मना तुजा आवाज पोटात असल्यापासना कलतो."

"मग?"

"मंग काय? बापाला नीट बोलला. घरात एक दिवस आवाज चडला न्हाय. तो कोन का असंना." ती काडी ओढायला वळली. "तूच बोललास आसं धर. तुजा काय जातं?"

दोघांनी एकच वाक्य. बायका नवऱ्यांची वाक्यं वापरून वापरून स्वतःची विसरतात. पण तिची काडी तिसऱ्या खेपेला पेटली. आणि भाकऱ्या थापायला तिनं पीठ घेतलं ते मी बघितलं. ते पाच जणांचं नव्हतं.

माझा चौकटीचा शर्ट तिनं धुऊन गाडीच्या मागच्या दोरीवर वाळत टाकला होता. संध्याकाळी तो दोरीवर नव्हता. मी विचारलं नाही.

६

तिसऱ्या सकाळी धुकं इतकं होतं की गाडीच्या दारातून गाडीचं चाक दिसत नव्हतं. आम्ही कड्याजवळ होतो. त्या कड्याखाली सरळ ठाणे जिल्हा आहे, आपली शहापूरकडची रानं. बाबा चहा पीत बोलले, "गोडाऊनवर बसायला लागशील ना गेल्यावर? काल बोललास तसा."

"काल मी काय बोललो?"

"दुपारी. खुर्चीजवल येऊन. बोललास, बसतो बाबा."

दुपारी मी पाण्यावर होतो, एकटा. मी कप खाली ठेवला.

"तुम्हाला माणूस ओळखता येत नाही," मी बोललो. "तुम्हाला फक्त 'हाय' बोलणारं तोंड पाहिजे. कोणाचंही. कुत्रं बोललं तरी त्याला तुम्ही गोडाऊन द्याल. शेत विकलं तेव्हा आक्काला विचारलं नाहीत, आईला नाहीत. आता मला मोजायचं नाही, पण घरात ठेवायचंय."

"राघो," आक्का बोलली.

"तू गप. तू तर बोटं पिरगाळणारी."

बाबा उठले नाहीत, ओरडले नाहीत. शांतपणे बोलले, "वाट उघडी हाय." एवढंच. तेच मला झोंबलं. मी धुक्यात चालायला लागलो.

कड्याच्या काठाला बसलो. खाली काही दिसत नव्हतं. राग उतरायला वेळ लागला, पण उतरला. परत जायचं, बर्थवर पडायचं, भिवंडीला उतरायचं. पुढचं पुढं. मला ते घर पाहिजे होतं. त्यांच्या सगळ्या मूर्खपणासकट पाहिजे होतं, आणि तिथं माझी जागा होती, त्यावर वाद नव्हता.

तेवढ्यात हॉर्न वाजला. दोनदा. मग इंजिन. आणि धुक्यातून बाबांचा आवाज, अगदी जवळून आल्यासारखा.

"हाय का सगली?"

"हाय."

"हाय."

"हाय."

मी उठून धावलो. "थांबा," मी ओरडलो. धुक्यात माझा आवाज मलाच नीट आला नाही.

"हाय बाबा."

"चला," बाबा बोलले.

मागचा लाल दिवा दिसला. मी पोचलो तेव्हा गाडी चालण्याच्या वेगानं दगडांतून निघाली होती. मी मागच्या पत्र्यावर थाप मारली. हिरामण काकानं बाजूच्या आरशात बघितलं. मला बघितलं, नक्की. त्याचे डोळे मोठे झाले. मग त्यानं मान वळवून गाडीच्या आत मागे बघितलं, जरा वेळ बघत राहिला, आणि त्याचा चेहरा सैल झाला. त्यानं गिअर बदलला.

मागच्या काचेला आतून वाफ धरली होती. मी धावता धावता मोजलं. मोजणं मला येतं. पुढं दोन डोकी. आक्काचा पदर. आई, तोंड माझ्याकडं. आणि माझ्या बर्थवर एक जण, पाठमोरा.

माणसाला स्वतःची मान कधी दिसत नाही. ती मान मी ओळखली नाही. शर्ट ओळखला. चौकटीचा, अजून थोडा ओला, खांद्यावर कापड चिकटलेलं. त्याच्या वरच्या बर्थवर गोधडी घडी घालून ठेवली होती.

पाच.

तो वळायला लागला. आधी कान दिसला, मग गालाची कड. आईनं हात लांब करून मधला पडदा ओढला.

७

घोटीपर्यंत दुधाच्या गाडीत, पुढं एका ट्रकच्या मागे भाताच्या पोत्यांवर. ट्रकवाल्यानं माझ्याकडं भाडं मागितलं नाही. मी चढलेलंच त्याला कळलं नसावं. वळ गावात पोचलो तेव्हा दुसऱ्या दिवशीचे दिवे लागत होते. लूमची खडखड नारपोलीकडून वाऱ्यानं येत होती. मिनिबस अंगणात उभी होती, चाकांना तांबडी माती.

मी ठरवून आलो होतो. दार लाथेनं उघडायचं, त्याला कॉलरला धरायचं, सगळ्यांसमोर बोलायला लावायचं. मी खिडकीपर्यंत गेलो.

पंगत बसली होती. बाबा काहीतरी सांगत होते, हातवारे करून, आणि तो ऐकत होता. ऐकताना मान हलवत होता. बाबा हसले. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवला. माझ्या पाठीवर तो हात कधी होता ते मी आठवायला लागलो, आणि आठवत राहिलो.

ताटं पाच. जागा भरलेली. मी आत गेलो तर सहा होणार होतो.

"बाबा," मी हाक मारली. काचेवर वाफसुद्धा धरली नाही.

आक्कानं घास थांबवला. "बाहेर काय हाय गो?"

"मी बघते," आई बोलली.

ती ओटीवर आली. सरळ माझ्यापाशी येऊन थांबली, शोधावं लागलं नाही. हातात ताट होतं, झाकलेलं. माझ्यासाठी आधीच वाढून ठेवलेलं.

"जेवलास का?"

"आई, आत कोण आहे?"

"तू हायस," ती बोलली. "तू जेवतोस. बापाशी नीट बोलतोस. उद्यापासना गोडाऊनवर जानार हायस." तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आवाजात काही नव्हतं. "आत नको येस आता. घरात दोघांचा भांडान व्हईल. मना न्हाय सोसवत रं."

"आणि मी?"

तिनं अंगणातल्या माझ्या सावलीकडं, किंवा जिथं ती पडायला पाहिजे होती तिथं बघितलं. मग मिनिबसचं मागचं दार उघडलं.

"वरती गोधडी घातलीय," ती बोलली. "रिकामी बरी न्हाय दिसत."

आतून बाबांनी विचारलं, "कोन हाय गो?"

"कोन न्हाय," आई बोलली, आणि ताट पायरीवर ठेवून आत गेली.

८

प्लायवूड ओला नाही. रामनाथबद्दल मी उगाच बोललो, काम चांगलं करतो तो. झोपायला आरामशीर आहे. छत जवळ असल्यामुळं वर टाकीतलं पाणी हललेलं ऐकू येतं. अंगणात हजेरी होत नाही, म्हणून मी वाट बघत पडलो होतो. आई ताट ठेवते, रिकामं घेऊन जाते. एवढ्या दिवसांत तिनं मला एकदाही मोजलं नाही.

थंडी सरली आणि बाबांनी परत सहल काढली. या वेळी भीमाशंकर. सगळे चढले. तो माझ्या खालच्या बर्थवर येऊन बसला. वजन जरा वाढलंय त्याचं. गोडाऊनवर बसून बसून वाढणारच.

"हाय का सगली?"

आक्का. काका. आई. त्यानं सांगितलं, "हाय बाबा."

आणि मी, सगळ्यांच्या मागून, हळू, "हाय."

जीभ वळत नव्हती. बरेच दिवस कोणाशी बोललो नव्हतो. 'य' अर्धाच आला. त्यानं मान वर केली, थोडा वेळ प्लायवूड बघत राहिला. मग टाकीचा आवाज असेल असं त्यानं ठरवलं. त्याच्या चेहऱ्यावर मला ते ठरवणं दिसलं. बाबा बोलले, "चला."

माळशेजला भजी खायला उतरले, परत चढले. या वेळी मी बरोबर त्याच्यासोबत बोललो. एकावर एक.

दुपारी बाकी सगळे सावलीत गप्पा मारत बसले आणि तो आत येऊन आडवा झाला. मी कूस बदलली, मुद्दाम. खालून त्याचा तळवा आला आणि प्लायवूड वर ढकलायला लागला. मी जरा सरकलो. त्याला जागा करून दिली.

तो बाहेर पळाला तेव्हा मी पडद्याच्या फटीतून बघत होतो. बाहेर उन्हात त्यानं एकेकाकडं बोट केलं, ओठ हलवत. मोजत होता. आक्का त्याच्या बोटाकडं बघत होती. आणि बाबांच्या कपाळावर आठी पडली, ओळखीची, माझ्यासाठी राखून ठेवलेली.

आईनं शर्ट धुऊन दोरीवर टाकलाय. चौकटीचा. संध्याकाळपर्यंत वाळेल.

उद्या सकाळी मी आधी बोलणार.